साडूंचा पंच

अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात कबुतरांना डबल बेल देणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या माहेरची माणसं निवडायची सोय नसते, नाही तर मी एखादा शांत, फार तर पत्ते कुटणारा साडू मागून घेतला असता. हे थोरले साडू धाड गावचे. हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली आणि ड्युटीतून जो वेळ उरला तो सगळा लक्का कबुतरांनी खाल्ला. लक्का हे उडण्याच्या कामाचं पाखरू नव्हे. छाती एवढी वर काढायची की डोकं मागे शेपटीला टेकावं, शेपूट पंख्यासारखं उघडायचं आणि चवड्यांवर मिरवायचं, एवढंच त्याला येतं. पहिल्या दिवाळीला सासुरवाडीत गेलेला जावई आणि लक्का यांत मला तरी काही फरक दिसत नाही. साडूंना दिसतो. "जावाई बसते साडूभाऊ, लक्का उभा राह्यते," असं ते म्हणतात आणि माझ्याकडे जरा जास्तच रोखून बघतात.

नोकरी सुटली तरी कंडक्टरकी काही सुटली नाही. गच्चीवरच्या ढाबळीत प्रत्येक कबुतराचं नाव एसटीच्या पाटीवरून पडलेलं. दिवसभर जागची न हलणारी मादी ती 'मुक्कामी'. एका पायावर डोळे मिटून पेंगणारा तो 'निमआराम'. हातावर यायला जी दहादा विनवावी लागते ती 'विनंती थांबा'. आणि सगळ्यांत देखणा, दुधासारखा पांढरा नर तो 'विनाथांबा'. दाणे टाकताना साडू खरोखरच ओरडतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" आणि तुमचा विश्वास बसो न बसो, कबुतरं पुढे सरकतात. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाई, एकदा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मलेबी जन्मभर पुढे सरकाच म्हणत आले. फरक इतकाच का मी सरकली नाई."

या सगळ्या कारभाराची किल्ली म्हणजे साडूंचा पंच. जुन्या तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा. तिकिटं यंत्रातून निघायला लागली तसा तो निकामी झाला, पण साडूंच्या उजव्या खिशातून मात्र हलला नाही. दुपारी चारच्या दाण्याला साडूंनी तो दोनदा वाजवायचा, टिक टिक, की विनाथांबाने छाती काढून उभं राहायचं, असा दोघांचा करार होता. बाकीचे कंडक्टर गाडी सोडायला डबल बेल देतात, साडू पाखरू उभं करायला द्यायचे.

साडूंची एकच इच्छा होती. नांदुऱ्याच्या प्रदर्शनात लक्क्यांमध्ये पहिला नंबर यावा. दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ असं सगळं कपाटात होतं. पहिलं तेवढं नव्हतं. यंदा विनाथांबा ते आणणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आदल्या दिवशी त्याला रिठ्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं आणि आक्कांच्या नव्याकोऱ्या टॉवेलने पुसलं, त्यावरून घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही. सकाळी मी आणि साडू पिंजरा घेऊन बसमध्ये चढलो. साडू कंडक्टरला म्हणाले, "याचं हाफ काढा." तो बिचारा म्हणाला, "राहू द्या ना काका, पाखराचं काय तिकीट!" साडू भडकले. "काऊन राहू द्या? चेकर आला तं तू उतरशीन का तो?" हाफ निघालं तेव्हाच आम्ही धाड सोडलं.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. पंच होते देऊळगाव राजाचे एक अत्तरवाले म्हातारे उस्ताद. कबुतराचा डोळा बघून ते त्याच्या आजोबांचं खानदान सांगतात अशी त्यांची ख्याती. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "मालकानं चार पावलं लांब राह्याचं. तोंडातून आवाज काढायचा नाई." आणि नेमका त्याच वेळी आमचा विनाथांबा पिंजऱ्यात पोत्यासारखा बसला. मान खाली, शेपूट मिटलेलं. शेजारच्या पिंजऱ्यात कुणा परक्याचा लक्का फुलून उभा. साडूंच्या कपाळावर घाम आला. मला त्यांची दया आली, तेवढ्यात त्यांचा उजवा हात खिशात गेलेला मी पाहिला आणि दया आटली.

टिक टिक.

विनाथांबा असा उठला की पिंजरा कमी पडला. उस्ताद तेव्हा आमच्याकडे पाठ करून दुसऱ्या पिंजऱ्यात वाकले होते. त्यांनी मान न वळवता सदऱ्याच्या खिशात हात घातला, दहाची नोट मागे धरली आणि म्हणाले, "एक फुल, देऊळगाव राजा."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळा हॉल हसून लोळला. जन्मभर त्या आवाजावर सुटे काढलेला माणूस, हाताला काय ठाऊक आपण प्रदर्शनात आहोत? उस्ताद सावकाश वळले, हातातली नोट पाहिली, मग साडूंचा खिसा पाहिला. साडू म्हणाले, "तोंड बंद होतं माहं. नियमात खिशाचं कुठी लिवलं आहे?" उस्तादही हसले, पण मान हलवत म्हणाले, "भाऊ, पाखरू लाखात एक आहे तुमचं. पर नंबर पाखराले देऊ का खिशाले?" आणि त्यांनी दुसरा नंबर दिला.

परतीच्या बसमध्ये साडू मांडीवर पिंजरा घेऊन बसले होते. म्हणाले, "पंचाले पंचानं पाडलं, हे तं झालं. पण नंबर गेला ना साडूभाऊ. पुढच्या साली याले बिनपंचाचा उभा राहाले शिकवतो. पाहाच तुमी."

पुढचं साल साडूंच्या वाट्याला आलं, पण कबुतरांसकट आलं नाही. त्यांना खोकला लागला तो थांबेचना. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिसांची धूळ छातीत बसली आहे, पाखरं सोडा. "इतके वर्स डिझेलचा धूर खाल्ला, त्यानं नाई झालं, पिसानं काय होते?" असं साडूंनी डॉक्टरांनाच विचारलं. मग आक्का मध्ये पडल्या. "घरात एक तं मी राहीन नाई तं कबुतरं. सांगा." साडूंनी विचार करायला इतका वेळ घेतला की आक्का आठवडाभर बोलल्या नाहीत. पण आठवड्यानंतर साडूंनी ढाबळ रिकामी केली. मुलगी द्यायची तशी एकेका घरी चौकशी करून कबुतरं दिली. विनाथांबा माझ्याकडे बुलडाण्याला आला. जन्मभर मी ज्या माणसाची टिंगल केली त्याने आपलं सगळ्यांत लाडकं पाखरू माझ्या हातात दिलं, याचं मला अजून नवल वाटतं आणि थोडी लाजही वाटते.

माझ्याकडे तो उभाच राहीना. मी जिभेने टिक टिक केलं, नेलकटर वाजवून पाहिलं. त्याने तोंड फिरवलं. शेवटी साडूंनीच तोड काढली. रोज चारला त्यांचा फोन येतो. मी फोन पिंजऱ्याला लावतो. पलीकडून टिक टिक होतं, आणि विनाथांबा छाती काढून उभा राहतो. मग साडू रोज एकच विचारतात, "बिनपंचाचा राह्यला का कधी?" मी रोज सांगतो, "नाही भाऊ, अजून नाही."

हल्ली त्याची पिसं झडायला लागली आहेत. कालही तो टिक टिक ऐकून नुसता फोनकडे बघत बसला. पलीकडे साडूंना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ चालली. उबळ थांबल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राहिला भाऊ. सकाळी, आपल्या आपण. एकदम छाती काढून."

मग साडू म्हणाले, "विनातिकीट सापडले साडूभाऊ तुमी. पिसं झडायच्या दिवसात लक्का कोनाच्या बापासाठी उभा नाई राहत."

मी फोन ठेवणार तेवढ्यात ते जरा हळू म्हणाले, "पण उद्या चारले इचारीन, तवा असंच सांगजा."