डब्यातला संत्रा

आमच्या तहसील कचेरीत एक म्हातारा दर सोमवारी यायचा. सरकारी जमिनीच्या पट्ट्यासाठी त्याचा अर्ज होता. तोवर दुसऱ्याचं वावर ठेक्यानं कसायचा. एकदा त्यानं तेलाच्या डब्यात लावलेलं संत्र्याचं रोप आणलं आणि कचेरीच्या भिंतीशी ठेवलं.

"दर पाडव्याले मालक ठेका वाढवते, नाईतं वावर सोड म्हणते. तिथं झाड काऊन लावू? पट्टा भेटला का घेऊन जातो."

पाणी मी घालायचो. तो आला की दुपट्ट्यानं एकेक पान पुसायचा, मग खिडकीतून नुसता माझ्याकडे बघायचा. मी नकारार्थी मान हलवायचो.

यंदा तो डबा सावलीत सरकवायला गेला, तर हलेना. बूड गंजून मुळं खाली उतरली होती. तो तिथंच उकिडवा बसला.

"साहेब," पान पुसत म्हणाला, "याले भेटली जमीन."