काकूच्या गावावरून गेलेली धावपट्टी

सकाळी भाजी नुकती फोडणीला टाकली होती, तेवढ्यात मनोहरकाकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, ठाम आणि थोडा मोठा. "मंजे, जरा येऊन जा. तुझी काकू उठून नाही राहिली." मी गॅस बंद केला आणि स्कूटी काढली. रायपुरातल्या समता कॉलोनीतून तेलीबांध्याच्या पुढे त्यांच्या घरापर्यंत पोचेतो मी मनाशी म्हणत होते, ताप असेल, साखर उतरली असेल... दार उघडंच होतं. शालिनीकाकू पलंगावर कुशीवर निजली होती, एक हात गालाखाली. काका शेजारच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. डॉक्टर येऊन गेले होते, म्हणजे काकांना सगळं कळलेलं होतं. तरी मला ते एवढंच म्हणाले, "चहा केला तिच्यासाठी. म्हटलं, उठन." त्यांचा मुलगा हैदराबादहून दुपारी पोचला. तोवर तो चहा कुणी उचलला नाही.

काकू गेली त्याला आता काही आठवडे झाले. काकूबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी एका विमानतळाबद्दल लिहावं लागतं, आणि रायपूरच्या माणसाला हे विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. समुद्र आमच्यापासून किती लांब! पण रेल्वेत नोकऱ्या करणाऱ्या आमच्या घरातून काका तरुणपणी नौदलात गेले आणि त्यांची नेमणूक झाली ती कोकणाकडच्या किनाऱ्यावर, नौदलाच्या एका हवाई तळावर. त्याचं नाव ते आम्हालासुद्धा मोकळेपणानं सांगत नसत, म्हणून इथे मीही लिहीत नाही. धावपट्टीवरून आलेल्या विमानाला हातांच्या खुणांनी जागेवर आणून उभं करायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपवून ते परत आले तेव्हा आम्ही ब्राह्मणपाऱ्यात एकत्र राहत होतो. गल्लीत मी सायकल आणली की काका ओट्यावर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत मला भिंतीशी लावून घेत, आणि शेवटी हातांची फुली करून 'थांब' म्हणत. मी पाहिलेलं नौदल तेवढंच.

त्या तळाचा इतिहास काका फार रंगवून सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत गोऱ्या सरकारनं त्या सड्यावर, म्हणजे समुद्राला लागून असलेल्या उघड्या कातळी माळावर, एक आखूड मुरुमाची पट्टी आखली. समुद्रात पाणबुड्या दिसतात का ते बघायला तिथून विमानं उडायची. लढाई संपली, गोरे गेले, पट्टी ओस पडली. मग बऱ्याच वर्षांनी आपलं नौदल तिथे आलं. सुरुवातीला तंबू, टँकरचं पाणी, आणि वाऱ्यानं तंबू उडू नयेत म्हणून रात्रभर दोर धरून बसलेले जवान. पंख्याची विमानं जाऊन जेट आली, तेव्हा पट्टी आखूड पडायला लागली, म्हणून ती पश्चिमेकडे वाढवली, डांबर टाकलं, हँगर उभे केले, मनोरा बांधला. इथपर्यंत आले की काकांचा आवाज चढायचा. आणि नेमक्या त्याच ठिकाणी स्वयंपाकघरातून काकू बोलायची. तिचा आवाज कधी चढला नाही. पश्चिमेकडे वाढवली म्हणजे सडेवाडीवरून वाढवली, एवढंच ती सांगायची.

सडेवाडी हे काकूचं गाव. लहानपणी तिचं नाव शेवंती. शालिनी हे नाव लग्नानंतर आमच्या आजीनं ठेवलं. काकांच्या गोष्टीत जी पट्टी ओस पडलेली होती, ती काकूच्या गोष्टीत ओस नव्हतीच. गोरे गेल्यावर गावानं तिच्यावर भात वाळत घातलं, मासळी वाळत घातली. पाच गावांत असं खळं नव्हतं, असं ती सांगायची. काका ज्याला मोठा हँगर म्हणत तिथे तिच्या काकाची काजूची झाडं होती. विमानं जिथून वळायची तिथे विहीर होती, ती बुजवताना सगळ्या बायका कडेला उभ्या होत्या आणि तिच्या आईनं शेवटची कळशी भरून घेतली होती. मग गाव खाली खाडीकडे हलवलं. घरांना जागा मिळाली, पुढे गावातल्या पुरुषांना तळावर कामंही मिळाली, तिचा धाकटा भाऊ बाबल तिथेच अग्निशमनाच्या गाडीवर लागला. काकू कुणाला दोष देत नसे. फक्त सांगायची. एकदा काका अभिमानानं म्हणाले की गावाचा राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, त्याचं छोटं देऊळ त्यांच्या साहेबांनी तसंच ठेवलं, धावपट्टी त्याच्या अलीकडे थांबवली. "देव नाही हलवला आमच्या लोकांनी." काकू तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हो. माणसं हलवली."

दोघांची भेट तळाच्या फाटकावर झाली. खालच्या वाडीतल्या बायका तळाच्या क्वार्टरांमध्ये मासळी आणि कोकमं विकायला यायच्या. एके दिवशी फाटकावर काकांची पाळी होती. त्यांनी आईबरोबर आलेल्या शेवंतीला विचारलं, कुठली? ती म्हणाली, "मी इथलीच. तुम्ही कुठले?" काका म्हणाले, रायपूर. "तिकडे समुद्र आहे?" नाही. "मग नेव्हीत कशाला आलात?" याचं उत्तर मले आजपर्यंत सुचलं नाही, असं काका प्रत्येक वेळी सांगायचे, आणि काकू प्रत्येक वेळी हसायची.

तिच्या वडिलांना मात्र यात हसण्यासारखं काही नव्हतं. लग्नाला आई आली, बाबल आला, वडील आले नाहीत. त्यांनी घरात एकच वाक्य म्हटलं, आणि ते काकूनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं. ते म्हणाले होते, आधी सडा नेला, आता लेक नेली. लग्नानंतर काकू तळाच्या आतल्या क्वार्टरात राहायला गेली, म्हणजे एका परीनं आपल्याच गावात परत गेली. पण वर्षातून एक दिवस असा यायचा की तिला हे अवघड व्हायचं. राखणदाराच्या जत्रेच्या सकाळी उड्डाणं बंद ठेवत आणि गावाला आत सोडत. सगळी वाडी पास दाखवून, रांगेनं, धावपट्टीच्या कडेनं चालत देवळापर्यंत जायची. तिथे गावातला मोठा माणूस, म्हणजे काकूचे वडील, गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलणं. घराघराचं नाव घ्यायचं, मुंबईला गेलेल्यांचं, आजाऱ्यांचं, नव्या सुनांचं, आणि सांगायचं की यांची राखण कर. प्रत्येक वाक्याला लोक होकार देतात. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला काकू क्वार्टरातल्या चार बायकांबरोबर तिथे गेली. वडिलांनी सगळ्यांची नावं घेतली. तिचं घेतलं नाही. लोकांनी होकार दिला, तिनंही दिला. परत जाताना आईनं तिच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दाबला आणि रांगेत निघून गेली.

काका त्या दिवशी ड्यूटीवर होते. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मनात पक्कं केलं की या माणसाच्या दारात आपण जायचं नाही. काकूनं त्यांना कधी आग्रह केला नाही. पुढे बदल्या झाल्या, मग रायपूर. ती आमच्यात इतकी मिसळली की आजीचं 'मले-तुले' तिच्या तोंडी बसलं, भांडेवालीशी 'हो'ला 'हव' म्हणत छत्तीसगढी बोलायला लागली. तिच्या बोलीतलं फक्त 'गो' उरलं होतं. 'काय गो मंजू, जेवलीस?'

मी दहावीत होते तेव्हा बाबलमामाचा फोन आला. जत्रा जवळ आली होती. वडील थकलेत, त्यांनी स्वतःहून विचारलं, शेवंती येईल का? काकूनं फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग माळ्यावरून बॅग काढली, दोन नव्या साड्या, वडिलांसाठी इकडच्या कोशाच्या रेशमाचं उपरणं. बॅग भरून खोलीत पलंगाशी ठेवली. काकांनी चलावं एवढीच तिची इच्छा होती. काका म्हणाले, "ज्या गेटवर मी लोकांचे पास पाहिले, तिथं आता पास घेऊन रांगेत उभा राहू? काहून? तुले जायचं तर जा, मी तिकीट काढून देतो." ती एकटी इतक्या लांब कधी गेली नव्हती. गाड्या बदलायच्या, दोन रात्री जायच्या. पण खरं कारण ते नव्हतं, हे आता कळतं. तिला नवऱ्यासोबत त्या रांगेतून चालायचं होतं. बॅग तिथेच राहिली, जत्रेचा दिवस आला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला. मी तिथेच अभ्यासाला बसले होते. काकू नुसतं ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, पुन्हा सांग. मग रिसीव्हर ठेवून माझ्या समोर येऊन बसली. वडिलांनी गाऱ्हाण्यात तिचं नाव घेतलं होतं. "काय म्हणाले माहितीय? माझी शेवंती, रायपूरला दिलेली लेक, तिची राखण कर." थोडा वेळ ती माझ्या भूगोलाच्या पुस्तकाकडे बघत राहिली. "दिलेली म्हणाले गो. नेलेली नाही म्हणाले..." मला तेव्हा त्यातला फरक समजला नाही. मी विचारलं, मग रडतेस कशाला? ती म्हणाली, "मी नव्हते ना तिथे ऐकायला."

त्याच पावसाळ्यात वडील गेले. या वेळी काका स्वतः तिला घेऊन गेले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. उपरणं बाबलमामाच्या खांद्यावर घालून ती परत आली. त्यानंतर जत्रेचं बोलावणं दरवर्षी यायचं. काका दरवर्षी म्हणायचे, चल, या वर्षी जाऊ. ती नाही म्हणायची. एकदा मीच विचारलं, तर म्हणाली, "आता कोणाच्या तोंडून ऐकायला जाऊ?"

तेराव्यानंतर काकांचा मुलगा हैदराबादला परत गेला आणि मी रोज संध्याकाळी काकांकडे जायला लागले. एके दिवशी त्यांनीच विषय काढला. समोर बघत बोलत होते. "थे बॅग पलंगाशी होती ना, तिसऱ्याच दिवशी मी तयार झालो होतो. मले वाटे, तुझी काकू अजून एकदा म्हणन. एकदा म्हणाली असती तर मी निघालोच असतो. आता समजून राहिलं, तेही वाटच पाहत असन. मी म्हणावं म्हणून..." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना विमानांबद्दल, झाडांबद्दल, विहिरीबद्दल सगळं सांगितलं होतं, दोन्ही इतिहास एकमेकांना पाठ होते, आणि त्या एका जत्रेचा 'चल' तेवढा राहून गेला होता.

परवा मी काकांकडे असताना बाबलमामांचा फोन आला, काकांनी स्पीकर लावला. आता गाऱ्हाणं तेच घालतात. जत्रा पुढच्या महिन्यात आहे. गाऱ्हाणं जिवंत माणसांसाठी असतं, त्यात शेवंतीचं नाव आता घेता येत नाही, हे त्यांनी काकांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, भावोजी, तुमचं नाव घेऊ का? काकांनी फोन माझ्या हातात दिला. मी हो म्हटलं, तर काकांनी नकारार्थी मान हलवून फोन परत घेतला आणि स्वतः म्हणाले, "घ्या. पण थांबा... मी येतो. पास काढून ठेवा. गावाच्या रांगेतला." डॉक्टर काय म्हणतात ते अजून विचारायचंय. काकांचे गुडघे तसे साथ देत नाहीत. मी बरोबर जाणार आहे.

काल त्यासाठीच गाड्या बघत आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. त्यांचं घर माना इथल्या रायपूरच्या विमानतळाच्या वाटेवर आहे, संध्याकाळची विमानं अगदी छतावरून उतरतात. तळावर राहिलेल्या लोकांची एक सवय असते. बोलता बोलता विमान आलं की ते आवाज चढवत नाहीत, थांबतात, आणि विमान गेलं की ज्या शब्दावर थांबले तिथूनच पुढे बोलतात. काका आणि काकू आयुष्यभर असेच बोलत आले. ती स्वयंपाकघरातून, ते बाहेरच्या खोलीतून असं अर्धं वाक्य हवेत ठेवून दोघं शांत राहायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं यांचं भांडण झालंय. काल काका मला सांगत होते की कोणत्या स्टेशनावर उतरायचं, तेवढ्यात विमान आलं. ते थांबले. विमान गेलं, आवाज पार विरला, रस्त्यावरचे हॉर्न पुन्हा ऐकू यायला लागले. काका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. त्यांचं स्वतःचं वाक्य अर्धं होतं, पण ते आधी तिला बोलू देत होते.