पुंजारामच्या बोटीचं इंजिन

आमच्या शहागडच्या पुंजारामनं ट्रक चालवणं सोडलं अन् हौसेनं गोदावरीत हिंडायला जुनी बोट आणली. पण इंजिन कोणतं बसवायचं ते ठरेना. डिझेलवर त्याचा जन्म गेलेला, पण डिझेल इंजिनाच्या वजनानं बोट पार वरच्या कडेपर्यंत बुडत होती. बॅटरीचं त्याला पटेना. "आवाजच न्हाई, तर चालू हाय हे कळावं कसं?" पेट्रोलचं हलकं, पण ते म्हणे पोरासोरांचं. दिवाळीपासून हायवेवरच्या हॉटेलात रोज हाच वाद. शेवटी होळीनंतर तो पेट्रोलचं घेऊन आला.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं. बोटीला चाक कुठलं? म्हणून तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं, ट्रॉलीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं अन् वाजतगाजत घाटावर नेली.

नदीत नुसती वाळू. एका डबक्यात म्हशी बसलेल्या.

पुंजारामची बायको नंदाबाई म्हणाली, "संक्रांतीपासून सांगून राह्यले, पाणी उतरलं म्हणून. तुमचं आपलं इंजिन, इंजिन! हिंडा आता ट्रॉलीतूनच. लिंबूबी तिलाच दिलंय."