पंचबाई आणि मैना

ऑफिसात दोघं जण गेम खेळायला बसले की बाकीचे सगळे जिंकणाऱ्याच्या मागे गोळा व्हायचे. पंचबाई मात्र हरणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहायच्या. तो गेममध्ये मेला की त्याला एकच विचारायच्या, "राग कोणाचा आला? स्वतःचा की बंदुकीचा?" स्वतःचा आला असेल तर काही न बोलता जागेवर जाऊन बसत. बंदुकीचा आला म्हणालात, तर तुमचा चहा गार झालाच म्हणून समजा. तुम्ही कुठे उभे होतात, गोळी कुठून आली, ती येताना दिसली का, हे सगळं त्यांना पहिल्यापासून ऐकायचं असे.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका मिसळीच्या हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर, आम्ही आठ-दहा जण मोबाइलवरचा लढाईचा गेम बनवत होतो. गावोगावचे खेळाडू इंटरनेटवरून दोन टोळ्यांत समोरासमोर यायचे आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या आवडीची बंदूक. कुठली बंदूक किती लांब मारणार, झाडताना हातात किती हलणार, पुन्हा भरायला किती वेळ घेणार, हे ठरवणं पंचबाईंचं काम. एक जरी बंदूक वरचढ झाली तर सगळे तीच घेतात आणि खेळातली मजाच जाते. हा निवाडा त्यांच्याकडे, म्हणून त्या पंचबाई. आधी अंबडच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होत्या, वयाने आमच्याहून बऱ्याच मोठ्या. माहेर नामपूरचं. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण खेळताना अवचित गोळी लागली की तोंडून माहेरच्या अहिराणीत "हाई काय शे भो?" निघायचं आणि सगळं ऑफिस हसायचं. त्यात त्याही असायच्या.

खेळाडूंचे निरोप त्या स्वतः वाचत. त्यांत निम्म्याहून जास्त शिव्याच. मी एकदा म्हणालो, कशाला वाचता हे? तर म्हणाल्या, "शिव्या बाजूला काढायच्या रे. खाली काहीतरी उरतं." एकाने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. शिव्या काढल्यावर खाली उरलं ते एवढंच, की बंद दाराआड असूनही तो मेला. बाई अख्खी दुपार गेममधल्या त्या दाराशी उभ्या राहून मला गोळ्या झाडायला लावत होत्या. शेवटी खरंच एक गोळी आरपार आली. त्यांनी त्याला कळवलं, तुमचं बरोबर होतं, दुरुस्त करतोय. त्यावर त्याच्याकडून हात जोडलेला इमोजी आला आणि सोबत "सॉरी मॅडम".

आमच्या बंदुकांमध्ये 'मैना' नावाची एक हलकी बंदूक होती. झाडली तरी ती हातात जवळजवळ हलायची नाही. नवखी पोरं ती घेऊन जुन्या खेळाडूंना लांबूनच लोळवायला लागली आणि तक्रारींचा पाऊस पडला. आमचा मालक निखिल माझ्याच वयाचा. त्याला खेळाडू सोडून जाण्याची धास्ती. बाईंनी सगळं तपासलं, मैना वरचढ आहे हे मान्य केलं आणि तिला इतर बंदुकांसारखा धक्का दिला. आता तीही झाडताना हलू लागली, दुसऱ्या हाताच्या बोटाने सतत सावरावी लागायची. तक्रारी थांबल्या. आम्ही खूश होतो.

आठवडाभरात एक निरोप आला. त्यात एकही शिवी नव्हती. "मैना बदलली. आता माझ्याकडून खेळवत नाही. एका हाताने खेळता येईल अशी दुसरी कुठली बंदूक आहे का?" खाली नाव, सुनील, आणि मोबाइल नंबर.

बाईंनी तो निरोप दोनदा वाचला. मग त्याला फोन लावला. सुनील अंबडलाच एका कारखान्यात होता. प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. मालकाने काढून न टाकता गेटवर बसवलं होतं. संध्याकाळी शिफ्टमधले जुने मित्र एकत्र गेम खेळायचे, त्यात तोही असायचा. मोबाइल टेबलावर टेकवून डाव्या हाताने.

बाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. तो आला, उजवा हात खिशात घालूनच बसला. खेळायला लागल्यावर मात्र मोबाइल सरकू नये म्हणून तो बाहेर काढावा लागला. बाई त्याच्यामागे उभ्या राहिल्या. मैना प्रत्येक गोळीला वर उडत होती, ती खाली ओढायला लागणारं दुसऱ्या हाताचं बोट त्याच्याकडे नव्हतं. तो मरत राहिला. निखिलला वाईट वाटलं. तो म्हणाला, तुझ्यापुरती आपण नेम धरायला गेमकडूनच थोडी मदत देऊ, कुणाला कळणारही नाही.

सुनीलने मान हलवली. "नको सर. कंपनीत सगळे मला लय जपून वागवतात. गेममध्ये सरळ मारतात. तेवढंच बरं वाटतं."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पडला होता, पण आवाज पक्का होता. म्हणाल्या, "मी चुकीची गोष्ट कापली. लोक चिडले होते ते लांबून मरत होते म्हणून. मी मात्र तिचा शांतपणा काढून घेतला."

निखिल तयार होईना. एवढ्या मुश्किलीने तक्रारी थांबल्यात, एका माणसासाठी पुन्हा कशाला? बाई म्हणाल्या, एक माणूस आपल्याला लिहितो, बाकीचे गेम काढून टाकतात आणि गप्प बसतात. शेवटी त्याने त्यांना मुदत दिली. पहिली शिफ्ट सुटली की सुनील दोन मित्रांना घेऊन यायचा. बाईंनी मैनेचा धक्का काढला, पण पल्ला कमी केला. लांबून आता तिची गोळी नुसती चाटून जायची, मारायचं तर जवळ जावं लागायचं. जरा बदलायचं, खेळून बघायचं, पुन्हा जरा बदलायचं. एकदम दोन गोष्टींना त्यांनी कधी हात लावला नाही. एका दुपारी सुनील मेला आणि बाईंनी विचारण्याआधीच स्वतःवर वैतागून म्हणाला, "मीच येडा. एवढ्या लांबून कोण मारतं?" बाई मोठ्याने हसल्या. तीच मैना आम्ही सगळ्यांसाठी खुली केली. थोडे दिवस दोन्ही बाजूंनी ओरड झाली, मग लोक दुसऱ्या बंदुकांवरही ओरडू लागले. म्हणजे आता कुठलीच एक वरचढ नव्हती, तेव्हा बाई निश्चिंत झाल्या.

पुढे हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने त्यांना बोलावलं. जायला हवंच होतं, आणि त्या जाणार हे कळल्यावर आम्ही सगळे उगाच जास्त काम करत होतो. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. खाली मिसळ खाल्ली, तर्री नेहमीसारखी दोनदा मागवली. निखिलला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, की गेम तपासायला माणूस हवाच आहे, तर सुनीलला घे. दया म्हणून नाही, त्याचं लक्ष चांगलं आहे म्हणून.

आता बंदुकांचं काम माझ्याकडे आहे आणि सुनील माझ्या शेजारी बसतो. हात खिशात नसतो. रुजू झाला त्याच आठवड्यात तो खुर्ची वळवून म्हणाला, "मैना जवळून जास्तच मारते. थोडी कमी करायला पाहिजे."

मी म्हटलं, "अरे, तुला तर तीच एक खेळता येते."

"म्हणून तर कळलं," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून ती कमी केली.