दोन्ही बटणं दाबता आली पाहिजेत

“काकू, तुम्ही केलं की ट्रेडिंग, आणि मी केलं की जुगार?”

नितीन, म्हणजे माझा पुतण्या, माझ्याच फ्रंट रूममध्ये उभा राहून माझ्यावर आवाज चढवत होता. सोमवारी इथल्या, इंग्लंडमधल्या रीडिंग गावातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून दिवसभर बेटिंग एक्स्चेंजवर, म्हणजे ऑनलाइन पैजांच्या बाजारात बसायचं, हा त्याचा बेत. त्याची बायको स्मिता सोफ्यावर बसली होती. सातवा महिना. टीव्हीवर इंडियाची मॅच चालू होती आणि इंडियाचे सहाजण तंबूत परतले होते.

“नितीन, या धंद्यातले किस्से माझ्याकडे इतके साठलेत की लॉफ्टमध्ये मावायचे नाहीत. बस आणि ऐक.”

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. एक्स्चेंज मला कुणी शिकवलं नाही, मी एकटीने शिकले. दर शनिवारी रिटायर झालेले तिघे लॅपटॉप घेऊन माझ्याकडे शिकायला येतात आणि माझी बिस्किटं खातात.

पहिले मोघे. एक्स्चेंजवर दोन बटणं असतात, ‘जिंकेल’ आणि ‘नाही जिंकणार’. मोघ्यांना एका घोड्यावर ‘नाही जिंकणार’ दाबायचं होतं, चष्मा नव्हता, ‘जिंकेल’ दाबलं. घोडा जिंकला! तेव्हापासून मोघे नवशिक्यांना सल्ला देतात, “अभ्यास हवा.”

दुसरे साठे. त्यांचा टीव्ही मोठा, सॅटेलाइटचा. शेजारच्याचा जुना, छपरावरच्या एरियलचा. शेजारी गोल म्हणून ओरडायचा तेव्हा साठ्यांच्या टीव्हीवर बॉल अजून मधेच असायचा. एक्स्चेंजवरचा पैजेचा भाव केव्हाच पळालेला! मी म्हटलं, “साठे, तुम्ही बघता ते शिळं असतं. मॅच चालू असताना हात लावू नका.” साठ्यांनी यावर वेगळाच उपाय काढला. आता ते मॅचच्या वेळी शेजाऱ्याला चहाला बोलावतात.

“म्हणजे?” स्मिताने विचारलं.

“म्हणजे तो घरी ओरडत नाही.”

तिसरे वैद्य. त्यांना सांगितलं होतं, चुकलं की थोडा तोटा घेऊन लगेच बाहेर पडायचं. त्यांनी टेनिसवर पाच मिनिटांचा ट्रेड घेतला, तो चुकला. म्हणाले, गेम संपेपर्यंत थांबू. मग सेट संपेपर्यंत. मग विम्बल्डनला पाऊस आला आणि मॅच दुसऱ्या दिवसावर गेली. दुसऱ्या दिवशी कार्डिफला भाच्याची मुंज. मंगलाष्टकं झाली तरी मामांचा पत्ता नाही. मी वैद्यवहिनींना विचारलं तर म्हणाल्या, “गाडीत रेडिओ लावून बसलेत. पाऊस थांबायची वाट बघतायत.”

कार्डिफला लख्ख ऊन होतं.

“ती म्हातारी माणसं आहेत, काकू!” नितीन म्हणाला. “माझी सिस्टिम आहे. मी इमोशन मधे आणत नाही. माझ्यासाठी टीम म्हणजे फक्त एक भाव!”

तेवढ्यात टीव्हीवर सातवी विकेट गेली. नितीनचा हात कपाळावर.

स्मिता माझ्याकडे बघत होती. मी माझा लॅपटॉप उघडला, त्याच्यासमोर सरकवला आणि म्हटलं, “दे खुशाल राजीनामा, फक्त त्याआधी, इथं माझ्यासमोर, इंडिया हरणार म्हणून दोन पौंड लाव.”