मामांची पाठ

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, गेल्या पन्नास वर्षांत एकदाही उताणे झोपलेले नाहीत.

शेलार गावचे जुने पैलवान ते! कुस्तीत दोन्ही खांदे एकदम जमिनीला टेकले की माणूस चितपट, खेळ खलास. मामांचे खांदे आखाड्यात कधीच टेकले नाहीत आणि तो नेम त्यांनी घरच्या गादीवरही चालू ठेवलाय. (मेल्यावरही कुशीवरच न्या, अशी ताकीद आहे!)

अशा माणसाला मुतखडा झाला. एरवी नारळ मुठीने फोडणारे मामा पायरीवर बसून कळवळू लागले. आम्ही त्यांना भिवंडीत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोनोग्राफीशिवाय औषध नाही. आजोबा, टेबलावर उताणे झोपा." आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या.

"न्हाय झोपनार," मामा म्हणाले.

"मामा, हा दवाखाना आहे, आखाडा नाही!"

"पाठ ती पाठ! झोपवायचं तर पाडा मला, जावई."

वडपे गावातल्या गोदामात दिवसभर खुर्ची उबवणारा मी. पण बायको बघत होती. मी शड्डू ठोकला!

"अहो, जपून!" ती ओरडली.

"अगं, हळूच पाडतो त्यांना."

"मी तुम्हालाच सांगतेय!"

पुढचं नीट आठवत नाही. आधी छत दिसलं, मग मामांची मिशी. मी टेबलावर उताणा, दोन्ही खांदे टेकलेले, छातीवर मामांचा पंजा. दारात जमलेल्या पेशंटांतला एक पॉवरलूम कामगार नाचायलाच लागला, "चित! चाचा ने चित कर दिया!"

तेवढ्यात बाई आल्या, दिवा घालवला आणि अंधारात माझ्याच पोटावर गार जेल ओतलं.

"शाब्बास आजोबा! आता श्वास धरा." (धरायला उरला होता कुठे?) "खडा दिसत नाही. पण लिव्हरवर चरबी फार आहे. या वयात..."

"वय न्हाय बाई," मामा वरून म्हणाले, "जावई हाय."

दिवा लागला. बाईंनी कपाळाला हात लावला. "बरं आजोबा, कुशीवर तरी व्हाल?"

"एक खांदा वर? मंग कुस्ती चालूच हाय की!" आणि मामा खुशाल आडवे झाले.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी कण्हलो.

"तुमी इचारलं कुठं?"

खडा सापडला. मामांना औषध मिळालं, मला रोज दुधी. माझ्या लिव्हरचा फोटो मामांनी शेलारच्या घरात, जिंकलेल्या गदेशेजारी टांगलाय. पाहुण्यांना ते अभिमानाने सांगतात, "ही माजी शेवटची कुस्ती."

फोटोत चेहरा येत नाही, एवढंच माझं नशीब!