बारापासून मोजणारी बाई

ती बाई एकापासून कधी मोजतच नसे. "बारा, एक, दोन" असं तिचं सुरू होई, आणि बारा म्हणताना हातातली काठी लाकडी जमिनीवर अशी आपटे की कोपऱ्यात बसलेली मी दर वेळी दचकायचे. मनातल्या मनात मी तिला ठोकाबाई म्हणायचे. मूळची स्पेनची. गुडघा कामातून गेल्यामुळे तिला स्वतःला नाचता येत नव्हतं. खुर्चीवर बसून ती आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या नऊ बायकांना बारा मात्रांवरचा फ्लॅमेंको नाच शिकवायची आणि नऊजणींचाही अपमान करायची.

त्या नऊजणींत माझी लेक मुग्धा होती. ती तिथे मास्टर्स करत होती आणि मी चार महिने तिच्याकडे राहायला गेले होते. घरात एकटी काय करणार, म्हणून दर गुरुवारी ती मला क्लासला न्यायची. मला इंग्रजी फार कळत नाही. बाई काय बोलली ते मुग्धा परत येताना सांगायची.

तिथल्या लोकांना काहीही विचारा, सगळं ठीक आहे या अर्थी "ग्रँड" म्हणतात. ठोकाबाईला तो शब्द चालत नसे. एकदा एक जाड नर्स पाय मुरगळून खाली बसली. डोळ्यांत पाणी, पण तोंडाने "ग्रँड, ग्रँड" चालूच. बाई म्हणाली, "ग्रँड नाही, जड. गायसुद्धा याहून तालात पडेल." सगळ्या हसल्या. मुग्धा तर मला सांगताना रस्त्यात परत हसली.

क्लास सुटला की बाई पिशवीतून संत्रं काढायची आणि जी रडत असेल तिच्याचसमोर बसून एकेक फोड सावकाश खायची. कुणाला देत नसे. तरी पुढच्या गुरुवारी सगळ्या हजर. मीही वाट बघायचे. खोटं कशाला लिहू, मला ती आवडायची. गोड बोलून तिने कुणाला फसवलं नाही.

नाताळच्या आधी गावात कार्यक्रम होता. नऊतल्या चौघींनाच ती घेणार होती. मुग्धाने झालरींचा लाल घागरा आधीच मागवला होता, मैत्रिणींना बोलावूनही ठेवलं होतं. पण तिचं पाऊल बाराला पडायचं नाही. इंजिनिअर ना, ओठ हलवून एकापासून मोजायची.

निवडीच्या दिवशी मी कोपऱ्यात नकळत टाळी धरली होती. झिम्म्यात धरतो तशी, पण पदराखाली, हळू. काठी थांबली. मला वाटलं, आता हाकलणार. पण बाईने मला बोटाने जवळ बोलावलं, शेजारी बसवलं आणि मोठ्याने टाळी वाजवायची खूण केली. मग लाल घागरा घालून आलेल्या मुग्धाला एकटीला पुढे उभं केलं.

"आई, हळू घे हां, प्लीज," मुग्धा म्हणाली.

मी हळूच सुरू केलं. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फास्टर." एवढं इंग्रजी मला येत होतं. मुग्धाचे पाय एकमेकांत अडकायला लागले. "आई, बास ना गं!" बाईने माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना म्हणाली, "शी, यस." मग मुग्धाकडे बोट केलं. "शी, नो."

माझ्याबद्दल चारचौघांत असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी थांबले नाही. घागऱ्यात पाय अडकून मुग्धा पडली, त्यानंतरही माझ्या दोन टाळ्या वाजल्या.

मुग्धा पुन्हा क्लासला गेली नाही. पुढच्या गुरुवारी मी एकटीच गेले. रस्ता पाठ झाला होता. मला दारात बघून बाईने विचारलं, "डॉटर?"

"नो," मी म्हणाले.

"देन नो मदर," ती म्हणाली, आणि काठीनेच दार ढकलून तिने माझ्या तोंडावर बंद केलं. आतून बारा ऐकू आलं. लेकीला पाडायला लागत होती तेवढी माझी टाळी तिने वापरून घेतली होती.

घरी आले तेव्हा मुग्धा लॅपटॉपपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्याबद्दल काही विचारलं का गं तिने?"

विचारलं होतं. दारातच, सगळ्यांत आधी तेच विचारलं होतं.

"छे," मी म्हणाले, "तुझं नावसुद्धा काढलं नाही."